जुन्या डिलक्स रिव्हर्बसाठी लेस पॉल द्यावी का, आणि अ‍ॅम्प मॉडिफाय करावा का?

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. म्हणजे असं की तुझ्याकडे एपिफोनची लेस पॉल गिटार आहे आणि एक मल्टी-इफेक्ट आहे, पुण्यातले एक काका दोन्ही घेऊन त्यांचा सत्तरच्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प द्यायला तयार आहेत, वरून तू वीस हजार रोख द्यायचे. अ‍ॅम्प सिल्व्हरफेस आहे, म्हणजे पुढचं पॅनेल चंदेरी असलेला, अमेरिकेतून आणलेला, ११७ व्होल्टचा. आणि तो हातात आला की त्यात मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब) आणि जास्तीचा गेन (आवाज फाटेल इतकी वाढ) टाकून घ्यायचा तुझा विचार, कारण तू जुळे सोलापुरात फ्लॅटवर राहतोस आणि कमी आवाजात मार्शल अ‍ॅम्पसारखा टोन पाहिजे. डील करू का आणि मॉड कुठला करू, असं विचारलंयस.

मी इथं सोलापुरात अ‍ॅम्प आणि पीए दुरुस्त करतो, सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओपासून झाली, त्यामुळे माझं उत्तर दुरुस्तीवाल्याचं आहे, गिटारवाल्याचं नाही. तू दोन प्रश्न विचारलेत पण मला त्यात एकच दिसतोय. जो अ‍ॅम्प अजून घरात आला नाही त्याचं पोट फाडायचं तू आधीच ठरवलंयस. मग तुला तो अ‍ॅम्प पाहिजे का त्याचं नाव पाहिजे? रागावू नको, पण हे आधी ठरव, पुढचं सगळं त्यावर आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, कारण लोक हीच मिक्स करतात. दुरुस्ती वेगळी आणि मॉडिफिकेशन वेगळं. पन्नास वर्षांच्या अ‍ॅम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणं, दोन पिनची वायर काढून तीन पिनची लावणं, बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते) सेट करणं, पॉट (नॉबच्या मागचा कंट्रोल) साफ करणं, हे मॉड नाही, ही देखभाल आहे आणि ती करावीच लागते. "ओरिजिनल आहे, हात लावलेला नाही" असं विकणारा अभिमानानं सांगतो तेव्हा मला खरं तर काळजी वाटते, कारण याचा अर्थ आतले फिल्टर कपॅसिटर, म्हणजे हेच इलेक्ट्रोलिटिक, पण तेव्हाचेच. इलेक्ट्रोलिटिकच्या आत ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं सुकत जातं, आणि साधारण हिशोब असा की तापमान दहा डिग्रीनं वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ असतं, पत्र्याच्या खोलीत अजून जास्त, आणि अ‍ॅम्पच्या आत तर विचारूच नको. पुण्यात अजून चार वर्षं चालला असता तो कपॅसिटर इथं एका उन्हाळ्यात फुगू शकतो. तो शॉर्ट गेला तर फ्यूज उडेल, आणि कुणी जुगाडू माणसानं फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जाईल, आणि ओरिजिनल ट्रान्सफॉर्मर गेला की अ‍ॅम्पची निम्मी किंमत गेली समज.

आता व्होल्टेज. मला वाटतं सोलापुरात बसून हा तुझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तू त्याबद्दल एकच ओळ लिहिलीयस. ११७ व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० वर सरळ लावला तर काय होतं ते सांगायला नको. फेंडरनं बाहेरच्या देशांसाठी एक्स्पोर्ट मॉडेल पण काढली होती, त्यात मागं व्होल्टेज निवडायचा स्विच असतो, तसा असता तर काम सोपं होतं, पण तुझा तसा दिसत नाही. म्हणजे स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आला. बाजारात २३० ला ११० देणारे मिळतात, आणि गंमत म्हणजे आपल्या लाइनला रात्री २४५ असेल तर त्यातून बरोबर ११७ निघतात, एकदम झकास. पण संध्याकाळी लोड वाढला, शेजारी पाण्याची मोटर लागली किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला असशील आणि तिथले यंत्रमाग चालू झाले, व्होल्टेज २०० वर आलं, की तेच ९५-९६ होतात. व्हॉल्व्हचा हिटर ६.३ व्होल्टचा असतो, तो मग पाचच्या जरा वर राहतो, आवाज मऊ पडतो, दम निघून जातो, आणि माणूस म्हणतो अ‍ॅम्पमध्ये फॉल्ट आहे. फॉल्ट अ‍ॅम्पमध्ये नसतोच. म्हणून स्टेपडाऊनच्या आधी एक बरा स्टेबिलायझर, आणि स्टेपडाऊन कमीत कमी ३०० व्हीए चा घे, १०० चा स्वस्तातला घेऊ नको, तो तापतो आणि व्होल्टेज पाडतो.

अजून एक, जे विकणारा कधीच सांगत नाही कारण त्यालाच माहीत नसतं. अमेरिकेत लाइट ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या लोखंडात चुंबकत्व साधारण वीस टक्के जास्त भरतं, म्हणजे तो जास्त तापतो. काही ट्रान्सफॉर्मर सहज सहन करतात, काही नाही, आणि हे कागदावर बघून मी सांगू शकत नाही. चेसिसवर ५०-६० लिहिलंय का फक्त ६० लिहिलंय ते बघ. फक्त ६० असेल तर अ‍ॅम्प तासभर चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेव. गरम लागणारच, पण हात ठेवणंच शक्य होत नसेल तर मग विचार करायला पाहिजे.

आणि अर्थिंग. जुन्या फेंडरमध्ये मागं ग्राउंडचा एक स्विच असतो आणि त्याच्याबरोबर एक कपॅसिटर, लाइनच्या एका वायरवरून सरळ चेसिसवर आलेला. तिकडच्या लोकांनी त्याला डेथ कॅप असं नाव ठेवलंय आणि ते उगाच नाही. तो कपॅसिटर लीक झाला तर चेसिस लाइव्ह, चेसिस म्हणजे गिटारची तार, आणि समोर अर्थ असलेला माइक, ओठ लागला की झटका. ऑर्केस्ट्रावाल्यांना विचार, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसात मांडवात गाणाऱ्या पोरांना माइकचा शॉक बसणं काय असतं ते. तीन पिनची वायर लावायची, हिरवी वायर चेसिसला स्वतंत्र स्क्रूनं घट्ट, तो कपॅसिटर कापून टाकायचा. आणि स्टेपडाऊन पण तीन पिनचाच पाहिजे, नाहीतर अर्थ मधल्यामध्ये तुटतो आणि सगळं केलेलं वाया. तुझ्या फ्लॅटमध्ये अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून बघून घे, नुसती तिसरी पिन दिसते म्हणून आहे असं समजू नको.

इथपर्यंतचं सगळं देखभालीत मोडतं, आणि याचा खर्च डीलमधून वजा करायचा. तो आकडा अ‍ॅम्प उघडल्याशिवाय सांगता येत नाही, पण कपॅसिटर, वायर, एक सेट पॉवर व्हॉल्व्ह, स्टेपडाऊन, स्टेबिलायझर मिळून तुझ्या त्या वीस हजारातला बराच भाग जातो. काकांना सरळ सांग की रोख रक्कम दुरुस्तीत जाणार आहे. समजूतदार असतील तर ऐकतील.

आता मॉडकडं येऊ. डिलक्स रिव्हर्ब म्हणजे दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, साधारण २२ वॉट, एक बारा इंची स्पीकर, मागून उघडी पेटी. सीबीएस कंपनीनं १९६५ मध्ये फेंडर विकत घेतली, १९६८ च्या सुमारास पुढचं पॅनेल काळ्याचं चंदेरी झालं, आणि तेव्हापासून लोक म्हणत आले की सिल्व्हरफेस वाईट, ब्लॅकफेस चांगला. ट्विन किंवा बँडमास्टरसारख्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये सर्किटमध्ये खरंच बरेच बदल झाले, तिथं "ब्लॅकफेसिंग" ला, म्हणजे सर्किट परत काळ्या पॅनेलच्या काळासारखं करण्याला, काही अर्थ आहे. डिलक्स रिव्हर्बमध्ये मात्र फार कमी बदललं, त्यामुळे कुणी तुला ब्लॅकफेस करून देतो म्हणून पैसे मागितले तर आधी विचार की नक्की कुठले पार्ट बदलणार, त्याची यादी दे. बरेचदा यादी निघतच नाही.

मार्शलचा आवाज यातून का निघत नाही ते सांगतो, कारण हे समजलं की निम्मे मॉड आपोआप रद्द होतात. फेंडरचा टोन सर्किट मिड (मधल्या पट्टीचा आवाज) खाऊन टाकतो, आणि तो पहिल्या स्टेजनंतर लगेच बसलाय. मार्शलमध्ये गेन आधी होतो, टोन शेवटाकडं येतो. शिवाय पॉवर व्हॉल्व्ह वेगळे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर वेगळा, आणि चार स्पीकरची बंद पेटी वेगळी. तू प्रीअ‍ॅम्पमध्ये अजून एक स्टेज जोडशील, नॉर्मल चॅनेल रिकामा पडलाय म्हणून त्याचा व्हॉल्व्ह वापरून घेशील, गेन वाढेल, पण त्याच्याबरोबर घूं पण वाढेल, रिव्हर्ब शिट्टी मारायला लागेल, आणि शेवटी जो आवाज येईल तो खवळलेल्या फेंडरचा येईल. मार्शलचा नाही येणार. असे केलेले अ‍ॅम्प माझ्याकडं परत ओरिजिनल करायला येतात. इथल्याच एका ऑर्केस्ट्रावाल्याचा ट्विन आला होता, कुणीतरी पुढच्या पॅनेलला ड्रिल मारून दोन जास्तीचे नॉब लावलेले, सर्किट मी परत जागेवर आणलं, पण पॅनेलची भोकं कशी बुजवणार? गिऱ्हाईक बघायला आलं की पहिली नजर तिथंच जाते.

मग फ्लॅटमधल्या आवाजाचं काय. इथं एक गणित लक्षात घे. शंभर वॉटच्या आणि २२ वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये आवाजाचा फरक साडेसहा डेसिबलच्या आसपास आहे, बास. वॉट निम्मे केले की फक्त तीन डेसिबल कमी होतात. म्हणजे २२ चा पाच केला तरी शेजारचे दार वाजवणारच. व्हॉल्व्हची पॉवर स्टेज ताणून मिळणारा टोन फ्लॅटमध्ये, भिंतीला भिंत लागून, असा मिळत नाही, मॉड केला तरी नाही. हे मान्य केलं की उपाय सोपा होतो. क्लीन फेंडर आणि समोर एक चांगला ओव्हरड्राइव्ह पेडल. ट्यूब स्क्रीमर प्रकारचा पेडल सातशे-साडेसातशे हर्ट्झच्या आसपास मिड वर आणतो, आणि फेंडर साधारण त्याच भागात मिड खातो, म्हणून ही जोडी इतकी वर्षं लोक वापरतायत. मार्शलचा चेहरा पाहिजे तर त्या पद्धतीचे पेडल वेगळे मिळतात. कुठला घ्यावा हे ज्याचं त्यानं कानानं ठरवावं, त्यात मी पडत नाही.

तरी तुला मास्टर व्हॉल्यूम पाहिजेच असेल तर नाही म्हणत नाही, पण माझी अट एकच, ड्रिल नाही. डेथ कॅप काढली की ग्राउंडचा स्विच बिनकामाचा होतो, त्याच्याच भोकात पॉट बसतो. फेज इन्व्हर्टरनंतर (म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या स्टेजनंतर) लावायचा दुहेरी पॉट येतो, हा मॉड चांगला आहे, पण यात एक धोका आहे जो बरेच जण बघत नाहीत. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडला (व्हॉल्व्हच्या कंट्रोलच्या टोकाला) बायसचं निगेटिव्ह व्होल्टेज त्याच पॉटमधून जातं. पॉटच्या आतली पट्टी धुळीनं जरा उचलली गेली तर बायस तुटतो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो, आणि त्याच्यामागं आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सोलापूरची धूळ तुला माहितीच आहे. म्हणून पॉटच्या मधल्या पायापासून बायसच्या बाजूला २.२ मेगचा एक-एक रेझिस्टर कायमचा लावायचा, मग पट्टी उचलली तरी बायस टिकतो. जो मेकॅनिक हे न विचारता स्वतः सांगेल त्याच्याकडं काम दे.

दुसरा मॉड जो मी बिनधास्त करतो तो म्हणजे व्हायब्रेटो चॅनेलच्या व्हॉल्यूम पॉटवरचा ४७ पीएफचा ब्राइट कपॅसिटर. कमी व्हॉल्यूमवर तो आवाज टोचरा करतो, पेडल लावला की अजून टोचतो. त्याचा एक पाय सोडवायचा, कपॅसिटर तिथंच राहू द्यायचा, उद्या परत पाहिजे तर एक डाग मारला की झालं. खरं सांगायचं तर घरात वाजवणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यावरच संपते.

बायसचं पण ऐकून ठेव कारण नवीन ६व्ही६ टाकल्यावर हे करावंच लागतं. जुना ६व्ही६ बारा वॉटचा धरायचा, त्याच्या सत्तर टक्के म्हणजे ८.४ वॉट. प्लेटवर समजा ४१५ व्होल्ट आले तर भागाकार करून एका व्हॉल्व्हला साधारण २० मिलिअँपियर. मी १८-२० वरच ठेवतो, इथल्या गर्मीत २४-२५ वर नेऊन उगाच व्हॉल्व्ह जाळण्यात अर्थ नाही. काही सिल्व्हरफेसमध्ये आतला पॉट बायस कमी-जास्त करत नाही, दोन व्हॉल्व्हमधला बॅलन्स बदलतो, तसा असेल तर वायर बदलून लेव्हलचा करून घे, तो पण परत फिरवता येतो. आणि हे सगळं स्वतः करायला जाऊ नकोस, प्लग काढल्यावर पण आत चारशे व्होल्ट बसून असू शकतात. ज्याला कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरनं शून्य बघायची सवय आहे त्यानंच आत हात घालावा.

कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका स्टेजचा आवाज पुढच्या स्टेजला देणारे ते निळे किंवा चॉकलेटी दिसणारे, ते मात्र "जुने झाले" म्हणून सरसकट बदलू देऊ नकोस. मीटर लावून पुढच्या ग्रिडवर डीसी गळतोय का बघायचं, गळत असेल तेवढाच बदलायचा. प्लेटचा एखादा रेझिस्टर करकर करत असेल तर तेवढाच. आणि काढलेला प्रत्येक पार्ट, सडका असला तरी, पिशवीत घालून अ‍ॅम्पच्या तळाला ठेवायचा. पुढं विकताना ती पिशवी दाखवली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

मॉड शिकायचीच हौस असेल, आणि ती वाईट नाही, तर जुने लग्नाच्या मांडवातले नाहीतर देवळातले व्हॉल्व्हचे पीए अ‍ॅम्प्लिफायर भंगारात अजून मिळतात, त्यावर हात साफ कर. कधीकधी आत बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी८३ व्हॉल्व्ह निघतात आणि ते चांगले असतात. डिलक्सचाच आवाज पाहिजे पण ड्रिल मारायचंय, तर फेंडरनं १९९३ पासून ६५ डिलक्स रिव्हर्बचं रीइश्यू, म्हणजे जुन्याची नवी आवृत्ती, काढलंय, त्यावर जे करायचं ते कर. सत्तरच्या दशकातला हातानं वायरिंग केलेला नग त्यासाठी नको.

आता डील. अदलाबदलीत माणूस फसतो ते इथं, की स्वतःच्या वस्तूचा शोरूमचा भाव धरतो आणि समोरच्याच्या वस्तूचा नेटवर बघितलेला अमेरिकेतला भाव धरतो. दोन्ही चूक. तुझी लेस पॉल आणि मल्टी-इफेक्ट आज रोख विकायला काढलं तर पंधरा दिवसात किती येतील तो आकडा लिही. मल्टी-इफेक्टचा भाव नवीन मॉडेल आलं की पडतो, ते लवकर गेलेलंच बरं. मग तेवढे रोख आणि वरचे वीस हजार हातात असते तर तू हाच अ‍ॅम्प, आहे असा, न बदलता, घेतला असतास का, हे स्वतःला विचार. हो असेल तर कर डील. "हो, पण आधी त्यात गेन टाकणार" असं उत्तर येत असेल तर लेस पॉल ठेव, बाबा. आणि एकच गिटार असेल तुझ्याकडं तर हा विषयच बंद, अ‍ॅम्प काय तोंडानं वाजवणार?

बघायला जाशील तेव्हा गिटार आणि स्वतःचा स्टेपडाऊन घेऊन जा. अ‍ॅम्प आधीपासून गरम करून ठेवलेला नको, थंड असताना तुझ्यासमोर चालू करायला सांग. अर्धा-पाऊण तास चालू दे. मागून बघ, पॉवर व्हॉल्व्हची प्लेट लाल होतेय का. पेन्सिलनं व्हॉल्व्हवर हलके टकटक कर, स्पीकरमधून टणटण आलं तर तो व्हॉल्व्ह गेला. व्हॉल्यूम तीनवर आणि सातवर दोन्हीकडं वाजव. व्हायब्रेटो चालू करून बंद करताना टिकटिक ऐकू येते का बघ. ट्रान्सफॉर्मरवरचा नंबर ६०६ नं सुरू होत असेल तर तो फेंडरच्या नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्याचा, पुढचा आकडा वर्षाचा आणि नंतरचे दोन आठवड्याचे. स्पीकरवर पण असाच नंबर असतो, २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस. वर्षाचा एकच आकडा असतो, त्यामुळे ४ म्हणजे ६४ का ७४ हे नुसत्या नंबरवरून कळत नाही, पॅनेल आणि बाकीच्या पार्टशी ताडून बघावं लागतं. ट्रान्सफॉर्मर सत्तरचे आणि स्पीकर कालचा असेल तरी हरकत नाही, फक्त भाव त्याप्रमाणं लाव.

आणि जमलं तर ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पार्सल मागवू नको. वीसेक किलोचं धूड आहे, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर लटकलेले, आपटलं की चेसिस वाकतो आणि रिव्हर्बची स्प्रिंग तुटते. व्हॉल्व्ह काढून, कुठला कुठं होता ते चिकटपट्टीवर लिहून, चिंध्यात गुंडाळून वेगळे आण, अ‍ॅम्प गाडीच्या मागच्या सीटवर उभा बेल्ट लावून. घरी आल्यावर लगेच चालू करू नकोस, आधी कपॅसिटरचं काम होऊ दे.